पाणी प्यायला उठलेली माणसं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे अमळनेरला पाहुणे जमतात. पुरणपोळी आणि आंब्याचा रस पोटात गेला, डोळे जडावले, की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, ते मांजराचं सांगा ना." मग मी सांगतो. मी डोंगरातल्या एका गावी मॅनेजर म्हणून गेलो, तिथल्या लोकांच्या तोंडात ‘मॅनेजर’ बसेना, त्याचं ‘म्यानजर’ झालं आणि लहान पोरांनी त्याचं ‘मांजर’ करून टाकलं. माझी फटफटी घाटाच्या वळणावर दिसली की टेकडीवरून आरोळी यायची, "मांजर उनं! मांजर उनं!" म्हणजे मांजर आलं. इथे मी फटफटीवर बसल्यासारखं करून मिशी फेंदारतो आणि पाहुणे पोट धरून हसतात. हसून झालं की बायको बडीशेप फिरवते आणि गोष्ट संपते.

यंदा पाहुणे गेल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही नेहमी अर्धीच गोष्ट सांगता."

"उरलेली हसण्यासारखी नाही."

"म्हणूनच म्हणते."

ती उरलेली अर्धी आता लिहितो. कुठे मी आपली बाजू सावरायला लागलो असं वाटलं तर समजून घ्या, जुनी खोड आहे.

त्या गावाला जाण्याआधी वीस-बावीस वर्षं मी जामनेरकडे केळी पिकवण्याच्या कारखान्यात होतो. कारखाना म्हणजे थंड खोल्या. हिरवी केळी आत जायची आणि चार दिवसांनी पिवळीधमक बाहेर यायची. केळी पिकवायच्या औषधांवर आणि माणसांवर मी नजर ठेवायचो. मॅनेजरला दोन कला लागतात असं तिथे माझ्या मनाने घेतलं होतं. वरच्याला ‘नाही’ म्हणायचं नाही, आणि खालच्याचं ‘नाही’ आपल्याला ऐकू येऊ द्यायचं नाही. दोन्ही मला छान जमायच्या. पुढे मालकाच्या मुलांनी कारखाना बंद केला आणि मी पन्नाशीला घरी बसलो. घरी बसलेल्या मॅनेजरइतकं वाईट जनावर नाही, असं बायको सांगते. मी फ्रीजमधल्या डब्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लावायला लागलो होतो.

तेव्हा धुळ्याच्या एका संस्थेला माणूस हवा होता. साक्रीच्या पलीकडे, पश्चिमेच्या डोंगरात, चाळीस-बेचाळीस घरांच्या एका आदिवासी गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला होता. म्हणजे जंगलातला डिंक, मोहाची फुलं, चारोळी गावानेच गोळा करायची, गावानेच विकायची आणि जंगलही गावानेच राखायचं. सगळे निर्णय ग्रामसभेत. गावाने डिंकाचं केंद्र काढलं होतं. त्याचा कारभार बघायला, व्यापाऱ्यांशी बोलायला आणि कागदपत्रं ठेवायला शिकलेला मॅनेजर हवा होता. सोमवारी सकाळी जायचं, शुक्रवारी संध्याकाळी अमळनेरला परत यायचं. बायकोने माझी बॅग इतक्या झटपट भरली की मला जरा वाईटच वाटलं.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक शेड. आत बायका सुपात डिंक घेऊन बसायच्या. पांढरा एकीकडे, पिवळा दुसरीकडे, तांबूस तिसरीकडे, सालीचा कचरा वेगळा. डिंक धावड्याचा, आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो तोच. गावामागच्या टेकडीवर धावडाच धावडा. प्रत्येक घराची झाडं ठरलेली, बापाकडून आलेली. रीत अशी, की एका झाडाला हंगामात दोनच खाचा द्यायच्या आणि पुढच्या वर्षी त्या झाडाला हात लावायचा नाही. त्याला ते ‘झाड बसाडनं’ म्हणायचे. दमलेल्या माणसाला बसवावं तसं झाडाला बसवायचं. टेकडीच्या माथ्यावर एक जुना, जाडजूड धावडा होता आणि त्याच्याखाली शेंदूर लावलेले दगड. त्या झाडाला कधीच खाच नव्हती.

ग्रामसभेच्या समितीच्या अध्यक्ष एक अक्का होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, नाकात चमकी. सही करता यायची, वाचायला मात्र वेळ लागायचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळी टेकडी फिरवली. मी धापा टाकत विचारलं, "अक्का, अजून किती?"

"झाडे बठ्ठा देखी ल्या ना भाऊ. म्यानजर शेतस ना तुमी?"

मॅनेजर होतो, म्हणून मी बठ्ठी झाडं, म्हणजे सगळी, पाहिली. मला एकसारखीच दिसली. अक्का मात्र एकेका झाडापाशी थांबून सांगत होत्या, हे कुणाचं, हे बसलेलं, हे पोरीला आंदण दिलेलं. मी मान हलवत होतो आणि मनात केंद्रासाठी खुर्च्या किती लागतील त्याचा विचार करत होतो.

कारण मला सभा सुधारायची होती. गावाची सभा म्हणजे चिंचेखाली सगळ्यांनी बसायचं, बिड्या ओढायच्या, कुणाची बकरी हरवली तिथपासून सुरुवात करायची आणि तासाभराने मुद्द्यावर यायचं. मी विषयपत्रिका आणली. सात दिवस आधी नोटीस, ती केंद्राच्या दाराला चिकटवायची. सभेच्या सुरुवातीलाच, ठरावाला जोडायच्या हजेरीच्या पानावर सह्या आणि अंगठे, कारण नंतर माणसं पांगतात. आणि ठरावाचं जाडजूड पुस्तक. ते मी शनिवार-रविवारी घरी घेऊन यायचो आणि सोमवारच्या सभेचे ठराव रविवारी सकाळीच जेवणाच्या टेबलावर लिहून टाकायचो. अक्षर माझं चांगलं आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि शेवटी ठसठशीत, खाली दोन रेघा मारून: ‘सर्वानुमते मंजूर’.

बायको भाजी निवडता निवडता वाकून बघायची. "सभा उद्या आहे ना?"

"हो."

"मग आज सर्वानुमते कसं?"

"ते असंच असतं. तुला नाही कळायचं."

"पोरगी हॉस्टेलला, ह्या घरात आपण दोघं. वांग्याची भाजी का गिलक्याची, एवढ्यावर तुमचं सर्वानुमते कधी झालं नाही. तिथे चाळीस घरांचं एका दिवसात कसं होतं हो?"

मी म्हणालो, "त्याला मॅनेजमेंट म्हणतात."

दुसऱ्या वर्षीच्या होळीनंतरची गोष्ट. आमचा डिंक जळगावच्या एका शेठजींकडे जायचा. मूळचे राजस्थानकडचे, तीन पिढ्यांचं किराणा आणि सुक्या मेव्याचं दुकान, स्वभावाने सरळ. त्यांचा फोन आला. "साहेब, आखाजीपर्यंत दुप्पट माल मिळेल का? बाहेरची मागणी आहे. नसेल होत तर राहू द्या, माझा आग्रह नाही." हे शेवटचं वाक्य ते खरंच बोलले होते. पुढे मी संस्थेत सांगितलं तेव्हा ते गाळलं. मी म्हणालो, "होईल की शेठजी. का नाही होणार?" वरच्याला नाही म्हणायचं नाही. शेठजी माझ्या वरचे नव्हतेच, पण सवय.

आता झाडं काय दुप्पट होणार नव्हती. पण केळीच्या कारखान्यात आमच्याकडे पिकवायचं जे पातळ औषध असायचं, ते झाडाच्या बुंध्यात टोचलं तर डिंक भसाभस वाहतो, असं मी कुठल्याशा व्यापाऱ्याकडून ऐकलं होतं. किती टोचायचं, कुठल्या झाडाला, झाड जगतं का, हे विचारायला मी थांबलो नव्हतो. त्याला वनखात्याची मनाई आहे हे मला नंतर कळलं. म्हणजे विचारलं असतं तर आधीही कळलं असतं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, ते लोक मला उगाच मांजर म्हणत नव्हते.

रविवारी ठराव लिहिला. ‘गावाच्या वनक्षेत्रातील प्रत्येक झाडास औषधाची मात्रा देऊन उत्पादनवाढ करण्यात यावी.’ माझ्या मनात होती फक्त जाड, खाचेची झाडं. पण ‘काही निवडक झाडांस’ कसं मिळमिळीत वाटतं. ‘प्रत्येक झाडास’ ह्याला वजन आहे. मी वजनासाठी शब्द घातला.

सोमवारच्या सभेत मी ठराव वाचला. औषधाची बाटली दाखवली, सुई दाखवली, जळगावची मागणी सांगितली. मग विचारलं, "कुणाची काही हरकत?"

सगळे गप्प. चिंचेवर कावळासुद्धा ओरडला नाही. अक्का जमिनीकडे बघत होत्या, काडीने मातीत रेघा ओढत. मी परत विचारलं, "बोला ना. हरकत नाही ना कुणाची?" पुन्हा शांतता. मग एक म्हातारा उठला, धोतराची धूळ झटकली, शेजारच्या शेडच्या कोपऱ्यातल्या माठाकडे गेला, तांब्याने पाणी प्यायला आणि आपल्या जागी न येता दूर भिंतीला टेकून बसला. त्याच्या मागे दुसरा उठला. मग दोन बायका. मग सगळेच, एकेक करून, सावकाश. सगळ्यात शेवटी अक्का. पाणी पिऊन त्या शेडच्या दाराशी उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून.

माझ्या मनात आलं, ऊन कसलं आहे! आणि मी प्रामाणिकपणे इतिवृत्तात शेवटी एक ओळ जोडली: ‘उन्हाच्या तीव्रतेमुळे सदस्य पाणी पिण्यास उठले व सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली.’

संपन्न! त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

त्या आठवड्यात टेकडीवर काम सुरू झालं. मी दोन दिवस बरोबर गेलो, सुई कशी धरायची दाखवलं आणि नंतर धुळ्याला बैठकीला गेलो. डिंक आला. असा आला की शेडमध्ये सुपं पुरेनात, बायकांनी घरची ताटं आणली. खोडांवरून डिंकाचे लोंबते थेंब, उन्हात काचेसारखे. संस्थेच्या साहेबांनी माझा त्या ढिगाशेजारी फोटो काढला आणि फोनवरच्या सगळ्या गटांवर पाठवला. अमळनेरला माझ्या मेव्हण्यानेसुद्धा अंगठा दाखवला, जो मला कधीच काही दाखवत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. बायका गप्प होत्या. एरवी डिंक निवडताना त्या गाणी म्हणायच्या, माझ्या टकलावरून एकमेकींना कोपर मारायच्या. आता सुपांचाच आवाज. मी विचारलं, "काय गं बायांनो, आज मांजरावर काही नाही का?" कुणी हसलं नाही.

धावडा उन्हाळ्यात पानं टाकतो. तेव्हा चैत्र-वैशाखात सगळी टेकडी उघडीच असते, जिवंत झाडंही आणि मेलेलीही. त्यामुळे मला काहीच कळलं नाही. कुणालाच कळायला मार्ग नव्हता. माल गेला, आखाजी झाली, पाऊस झाला, शेतं वर आली. टेकडीवर सागाला पानं आली, पळसाला आली, घाणेरीसुद्धा हिरवी झाली. धावड्याला आली नाहीत.

मी म्हटलं, उशीर होत असेल. आठ दिवस गेले. पंधरा गेले. मी सकाळी उठून टेकडीवर जायला लागलो. आंब्याच्या कलमाला करतात तसं अंगठ्याच्या नखाने साल खरवडून बघायचो. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत. पहिल्या दिवशी दहा झाडं खरवडली. आत सगळं तपकिरी, कोरडं, भाजलेल्या चामड्यासारखं. मला वाटलं मी चुकीच्या बाजूने खरवडतोय. दुसऱ्या बाजूने खरवडलं. खाली खरवडलं, वर हात पोचेल तिथे खरवडलं. एखाद्या झाडात कुठेतरी पातीएवढी हिरवी रेघ मिळाली की मी तिथेच बसायचो, हात जोडावेत तसा. मग पुढचं झाड. त्याच्या पुढचं. बसवलेली झाडंही मेली होती. मनगटाएवढी कोवळी झाडंही. मी माथ्यावर गेलो. शेंदराच्या दगडांवर सावली नव्हती. त्या जुन्या धावड्याच्या बुंध्यात, कंबरेच्या उंचीवर, सुईचं बारीक भोक होतं.

मी तसाच खाली अक्कांच्या घरी गेलो. अक्का दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

"अक्का, देवाच्या झाडाला कशाला टोचलं हो? बसलेल्या झाडांना कशाला?"

त्यांनी शेंग फोडली, दाणे टोपल्यात टाकले. "तुमी लिखं ना भाऊ. परतेक झाडले. देवनं झाड बी झाडच शे ना?"

"पण तुम्हाला ठाऊक होतं ना, असं करायचं नसतं? मग सभेत बोलला का नाहीत?"

"सांगं आमी. तुमी इचारं, आमी सांगं. तुमले समजनं नही."

"कधी सांगितलं? सगळे तर गप्प होते!"

"बठ्ठा उठी ग्यात ना पानी पेवाले."

मग अक्कांनी मला, लहान पोराला सांगावं तसं, सांगितलं. दारात आलेल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं ह्या गावात वाईट. कुणाची सोयरीक नको असली, कुणाचं बोलणं पटलं नाही, की कुणी काही बोलत नाही. उठायचं, पाणी प्यायचं, जागा बदलून बसायचं. विचारणारा समजतो आणि आपला विषय आपणच मागे घेतो, त्याचीही अब्रू राहते. सगळं गाव उठून पाणी प्यायलं ह्याहून मोठं ‘नाही’ त्यांच्याकडे नव्हतं. आणि मी ते उन्हाच्या नावावर लिहिलं होतं.

"पण नाही म्हणालात तर मग टोचलं का?"

"लिखेल शे म्हनीसन." लिहिलंय म्हणून. आणि माझ्याकडे न बघता, "लिखेल कागदना मोऱ्हे आमनं कव्हय चालनं, भाऊ?"

लिहिलेल्या कागदापुढे आमचं कधी चाललंय. त्यांच्या आज्याला कागद दाखवून जंगलातून काढलं होतं, बापाला कागद दाखवून कुऱ्हाड जप्त केली होती. आता कागद त्यांच्या स्वतःच्या ग्रामसभेचा होता, खाली त्यांचेच अंगठे. मला कागद म्हणजे उरकायची गोष्ट वाटायची. त्यांना वाटायचं, लिहिणारा माणूस विचार करून लिहीत असेल.

त्यानंतर वनखात्याची गाडी आली. पंचनामा झाला. अधिकारी माझ्याच वयाचे, घसा बसलेले. त्यांनी ठरावाची प्रत मागितली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "हे तर गावानेच केलंय. सर्वानुमते. आता डिंकाचा हक्क चालू ठेवावा का, ह्याचा वर विचार होईल."

मी धुळ्याला साहेबांकडे धावलो. त्यांनी प्रत वाचली आणि सुटकेचा श्वास टाकला. "अहो, घाबरता काय? सगळ्यांचे अंगठे आहेत की. सर्वानुमते आहे म्हणजे आपण सेफ. तुम्ही फक्त गप्प बसा."

त्यांच्या कचेरीतून बाहेर पडल्यावर मी एसटी स्टँडवर बसून तीन गाड्या जाऊ दिल्या. गोष्ट तशी सोपी होती. मी गप्प बसलो तर तो शब्द मला वाचवणार होता आणि तोच शब्द चाळीस घरांना त्यांच्या टेकडीवरून खाली आणणार होता. आधी झाडं गेली माझ्यामुळे, आता उरलेलं जंगलही जाणार ते माझ्या सुंदर अक्षरामुळे. मला घर होतं, मुलीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, पन्नाशी उलटलेल्या माणसाला तिसरी नोकरी कोण देणार होतं. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. फार चांगलं सांगितलं, मला सांगता येतं. चौथ्या गाडीने घरी गेलो.

बायकोने ताट वाढलं आणि माझा अंगठा पाहिला. नख उलटलं होतं, कडेने रक्त सुकलं होतं. "हे काय केलंत?" मी सांगायला लागलो आणि सांगताना मिशी फेंदारायचा प्रयत्न केला, सवयीने. ती म्हणाली, "नका. साधं सांगा." सगळं ऐकून तिने हळद लावली, फडकं बांधलं आणि एवढंच विचारलं, "ते टेबल होतं ना, ज्यावर लिहिलंत? मी बसले होते ना शेजारी? गरज पडली तर मीही सांगेन, सभेच्या आदल्या दिवशीच लिहिलं होतं म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या कचेरीत जबाब लिहायला बसलो. आणि मला लिहिता येईना. पहिल्या कागदावर लिहिलं, ‘सदर ठराव सभेपूर्वी लिहिण्यात आला असल्याचे निदर्शनास येते.’ अधिकाऱ्यांनी वाचून परत सरकवला. "कोणी लिहिण्यात आला?"

दुसऱ्यावर लिहिलं, ‘व्यवस्थापनाकडून अनवधानाने.’

"हे व्यवस्थापन कोण? त्यांना बोलवा."

"म्हणजे मीच, साहेब."

"मग तसं लिहा ना."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कागदावर ‘मी’ हा शब्द वापरला नव्हता. करण्यात येते, देण्यात आले, कळवण्यात येत आहे. केळी पिकवण्यात आली, माणसं कमी करण्यात आली. करणारा कुठेच नाही, सगळं आपोआप, देवाच्या दयेने. चौथ्या कागदावर एकदाचं उतरलं. ‘हा ठराव मी सभेच्या आदल्या दिवशी माझ्या घरी लिहिला. सह्या आणि अंगठे मी हजेरीसाठी म्हणून आधीच घेतले. औषध मी आणलं. सभेत गावाने नकार दिला होता. तो मला समजला नाही. सर्वानुमते हा शब्द खोटा आहे.’ अक्षर वाईट आलं, अंगठ्याला फडकं होतं.

हा कागद अधिकाऱ्यांनी परत सरकवला नाही. "नकार दिला म्हणता. काय म्हणाले?"

"पाणी प्यायले."

ते हसले नाहीत. ते त्याच भागात नोकरी केलेले असावेत. त्यांनी ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि शिक्का उमटवला.

पुढे गावावरचा ठपका निघाला, हक्क राहिला. माझी चौकशी झाली, संस्थेने मला मोकळं केलं. कुणी म्हणेल, झालं की मग. काही झालं नव्हतं. अर्ध्याहून अधिक धावडा गेला होता. एक धावडा खाचेच्या जोगा व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं. मी नखाने ज्या झाडांत हिरवं शोधलं त्यांतलीही बरीच पुढे वाळली.

श्रावणात मी शेवटचा गावात गेलो. टेकडीवरून आरोळी आली नाही, म्हणून फटफटी वळणावर उगाच दोनदा हॉर्न वाजवून पुढे नेली. अक्कांना मी सांगून ठेवलं होतं की मला सभेत एक विषय मांडायचा आहे. नोटीस नाही, पुस्तक नाही. चिंचेखाली ओलं होतं म्हणून सगळे शेडमध्ये बसले. मी म्हणालो, मला संस्थेने काढलं तरी मी येत राहीन. कुठल्याही हुद्द्याशिवाय. धावड्याची रोपं तयार करू, टेकडीवर लावू, मी स्वतः पाणी घालीन. माझ्याकडून एवढं घ्या. मी हे खरंच मनापासून बोललो. त्या क्षणी मला वाटलं, हे आता ऐकतील.

मग नेहमीचा प्रश्न तोंडातून गेला, "कुणाची काही हरकत?"

शेडच्या पत्र्यावर चिंचेवरून एक थेंब पडला तेवढा आवाज झाला. तोच म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठला. माठाकडे गेला. तांब्या बुडवल्याचा आवाज आला. त्याच्या मागून दुसरा. मग सुपं घेऊन बसणाऱ्या बायका, ज्या माझ्या टकलावर हसायच्या, एकीमागून एक. कुणी माझ्याकडे रागाने पाहिलं नाही. बघितलंच नाही. तांब्या भरायचा, रिकामा व्हायचा, पुढच्या हातात जायचा. अक्का सगळ्यांत शेवटी उठल्या, प्यायल्या आणि तांब्या हातात धरून माठापाशी उभ्या राहिल्या.

ह्या वेळी मला सगळं ऐकू आलं.

मी उठलो. धूळ झटकली. माठापर्यंत दहा-बारा पावलं असतील. अक्कांनी माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. अंगठ्यावर अजून फडकं होतं, त्यावरून थोडं सांडलं. मी प्यायलो.

"प्या भाऊ, आखो प्या," अक्का हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "आज ऊन भलतं शे."

बाहेर आभाळ काळंकुट्ट भरून आलं होतं. समोरची टेकडीसुद्धा दिसत नव्हती.

"हो अक्का," मी म्हणालो, "फार ऊन आहे." आणि ओंजळ पुन्हा पुढे केली.